ह्लिथ्वाइन आणि अर ऐव्ल डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्स म्हटलं की कोळसा, रग्बी आणि कार्डिफ, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात येतं. इथे त्यातलं काहीच नाही. हे पान वेल्सच्या वायव्य टोकाकडच्या एका डोंगरगावाबद्दल आहे. तिथे खाणी होत्या, पण ग्रॅनाइटच्या. गावातला पब गावाच्याच मालकीचा आहे. आणि खालच्या दरीतलं ओस पडलेलं एक गाव लोकांनी वर्गणी काढून विकत घेतलं. उत्तर वेल्सला जाण्याआधी किंवा जाऊन आल्यावर मंडळी जे विचारतात, त्याची उत्तरं खाली दिली आहेत.

ह्लिथ्वाइन नेमकं कुठे आहे?

वेल्सच्या नकाशात वर डावीकडे समुद्रात घुसलेलं एक लांबट बोट दिसतं. ते ह्लीन द्वीपकल्प. तो ग्विनेद परगण्याचा भाग आहे. बोटाच्या उत्तर किनाऱ्यावर अर ऐव्ल नावाचा तीन शिखरांचा डोंगर सरळ समुद्रातून उठतो. मधलं शिखर सर्वांत उंच, सुमारे 560 मीटर. आपल्या सह्याद्रीच्या मानाने हे काहीच नाही, पण पायथा थेट समुद्रपातळीला असल्यामुळे डोंगर आहे त्यापेक्षा बराच मोठा वाटतो. त्याच्या दक्षिण उतारावर, नेविनकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ह्लिथ्वाइन आहे. जवळचं मोठं गाव म्हणजे पुलहेली. रेल्वेचं शेवटचं स्टेशनही तेच.

इंग्रजी नकाशांवर या डोंगराला ‘द रायव्हल्स’ असं नाव सापडेल. घोटाळा करून घेऊ नका, डोंगर तोच आहे.

गाव डोंगरमाथ्यावर आहे असं ऐकलं होतं. खरं का?

अर्धं खरं. आजचं गाव माथ्याखाली, डोंगराच्या खांद्यावर आहे. माथ्यावरचं गाव वेगळं. त्याचं नाव ट्रेर केइरी, आणि ते ओस पडून सोळाशे वर्षं होत आली.

अर ऐव्लच्या पूर्वेकडच्या शिखरावर लोहयुगातला हा किल्ला आहे. दगडी तटबंदी काही ठिकाणी आजही चार मीटरच्या आसपास उंच उभी आहे, आणि आत सुमारे 150 दगडी घरांचे पाये स्पष्ट दिसतात. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत वस्ती सुरू झाली. रोमन आले, त्यांनी कायर्नार्वनला लष्करी ठाणं बांधलं, तरी वरची माणसं तिथेच राहिली. रोमन अंमल संपण्याच्या सुमारास वस्ती उठली. स्थानिक लोक त्याला दैत्यांचं गाव म्हणत. आतून चालत गेलं की मात्र उलट वाटतं. घरं इतकी लहान आणि एकमेकांना इतकी खेटून आहेत की शेजाऱ्याचं भांडण शब्द न शब्द ऐकू येत असणार.

मग खालचं गाव कधी वसलं?

एका दिवसात नाही, आणि कुणी आखून दिलं म्हणूनही नाही. डोंगरउतार हे गायरान होतं. आसपासचे लोक तिथे गुरं-मेंढ्या चारत, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापून नेत. ज्यांच्याकडे जमीन नव्हती ते कडेकडेने झोपड्या घालत गेले.

यामागे वेल्समध्ये सर्वदूर मानली जाणारी एक रीत होती. गायरानावर सूर्यास्त ते सूर्योदय एका रात्रीत घर उभं करायचं आणि उजाडायच्या आत धुराड्यातून धूर काढून दाखवायचा, की ते घर आपलं. मग दारात उभं राहून चारी दिशांना कुऱ्हाड फेकायची. जिथे पडेल तिथवर आपलं अंगण. इंग्लंडच्या कायद्यात याला काडीचाही आधार नव्हता. पण पिढ्यान्‌पिढ्या लोक ते हक्काने मानत आले. ज्याचा भाऊबंद मोठा, ज्याच्या हाताखाली कुऱ्हाड जोरात फेकणारा गडी, त्याचं अंगण मोठं!

1812 च्या दंग्याबद्दल ऐकलं. काय घडलं होतं?

नेपोलियनशी युद्ध चालू होतं, धान्याचे भाव चढले होते आणि बड्या जमीनदारांना पडीक जमिनीतही पैसा दिसायला लागला होता. पार्लमेंटकडून कायदा करून घ्यायचा, गायरानाची मोजणी करायची, कुंपण घालायचं आणि वाटून घ्यायचं, असा सपाटा ब्रिटनभर चालू होता. शेजारचं पिस्तिह्ल आणि ह्लिथ्वाइन यांच्या गायरानाचीही पाळी आली.

मोजणीदार डोंगरावर आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना ढेकळं आणि दगड मारून पिटाळलं. प्रकरण एवढं चिघळलं की घोडदळ आणावं लागलं. पुढाऱ्यांपैकी रॉबर्ट विल्यम ह्यूज याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती बदलून त्याला ऑस्ट्रेलियाला धाडण्यात आलं. आपल्या भाषेत काळ्या पाण्यावर.

कुंपणं शेवटी घातली गेलीच. आज डोंगरावर ज्या सरळसोट दगडी भिंती चढताना दिसतात आणि ज्यांचे पर्यटक हौसेने फोटो काढतात, त्यांत त्या वाटपाच्या रेषा आहेत.

गावात खाणी होत्या का? कशाच्या?

ग्रॅनाइटच्या. उत्तर वेल्समध्ये स्लेटचा बोलबाला, पण या किनाऱ्याचा दगड वेगळा. एकोणिसाव्या शतकात मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्कनहेड ही शहरं झपाट्याने फुगत होती. घोडागाड्यांच्या लोखंडी चाकांखाली टिकेल अशी फरसबंदी हवी होती. अर ऐव्लचा दगड त्याला नेमका लागू पडला. सुरुंगाने कडा उडवायचा, मोठे धोंडे फोडायचे आणि पाथरवटाने हातोडीने ठोकत एकसारखा घडीव चिरा काढायचा. सगळ्यांत कसबी काम हे शेवटचं. माल उतारावरून खाली धक्क्यावर आणि तिथून जहाजाने शहरात.

डोंगराच्या दुसऱ्या बाजूचं ट्रेवोर हे गाव तर खाणीनेच जन्माला घातलं. त्याला नावही खाणीतल्या मुकादमाचं मिळालं. 1863 पासूनचा त्यांचा ब्रास बँड आहे, तोही खाणकामगारांचाच. ट्रेवोरचा दगड आजही जगभर घसरतोय, बर्फावर. कर्लिंग या खेळातले गुळगुळीत दगड घडवायला तो वापरतात.

डांबरी रस्ते आले आणि चिऱ्यांची मागणी आटली. खाणींचा खरा शेवट तिथून सुरू झाला.

नांट गुर्थेर्न म्हणजे काय? ते ह्लिथ्वाइनच का?

वेगळं, पण जोडीचं. ह्लिथ्वाइनच्या मागे डोंगर एकदम तुटतो आणि खाली समुद्राला लागून एक खोल दरी आहे. तीन बाजूंना कडे, चौथ्या बाजूला पाणी. ब्रिटनचा दंतकथेतला राजा गुर्थेर्न (इंग्रज त्याला व्होर्टिगर्न म्हणतात) सॅक्सन लोकांना देशात बोलावून घेतल्याचं पाप डोक्यावर घेऊन इथे लपून राहिला, अशी कथा आहे. लपायला जागा चांगली निवडली, एवढं मान्य करायला हवं.

1861 साली लिव्हरपूलच्या नीशॉ अँड लप्टन कंपनीने इथे खाण उघडली आणि 1878 पर्यंत कामगारांसाठी घरांच्या दोन ओळी बांधल्या. मॅनेजरच्या बंगल्यासकट 26 घरं. एका ओळीला समुद्राचं नाव, दुसरीला डोंगराचं. सेइलो हे चॅपल, म्हणजे प्रार्थनागृह, होतं, दुकान होतं, पुढे शाळाही आली. वेल्श कामगारांबरोबर आयर्लंड आणि इंग्लंडहून आलेलेही होते. बाहेरच्या जगाशी संबंध दोनच: धक्क्याला लागणारी जहाजं, आणि ह्लिथ्वाइनला चढणारी नागमोडी वाट. वादळात जहाजं यायची नाहीत, तेव्हा उरे फक्त वाट.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास खाण बंद पडली. कुटुंबं एकेक करून वर चढली आणि परत उतरली नाहीत. 1959 साली शेवटची माणसं निघून गेली. सत्तरच्या दशकात एक हिप्पी टोळकं येऊन राहिलं. थंडीत उबेसाठी त्यांनी घरांतलं उरलंसुरलं लाकूड जाळलं, असं परिसरातले लोक अजून सांगतात, आणि सांगताना आवाज चढतो.

त्या दरीला शाप आहे म्हणतात तो काय?

कथा अशी. जवळच्या क्लिनॉगचे तीन साधू चर्च काढायला दरीत आले. कोळ्यांनी त्यांना दगड मारून हाकललं. (दगड मारण्याची परंपरा 1812 च्या बरीच आधीची, हे लक्षात आलं असेलच.) साधूंनी तीन शाप दिले: इथल्या कुणाला पवित्र भूमीत मूठमाती मिळणार नाही, एका घराण्यातल्या दोघांचं आपसांत लग्न लागणार नाही, आणि गाव ओस पडेल.

पुढे ह्रिस आणि मेइनिर या चुलत भावंडांचं प्रेम जमलं, लग्न ठरलं. रिवाजाप्रमाणे लग्नाच्या सकाळी नवरीने लपायचं आणि नवऱ्याकडच्यांनी तिला शोधून चर्चला न्यायचं. मेइनिर एका पोकळ ओकमध्ये शिरली आणि अडकली. कुणाला सापडली नाही. ह्रिस वेडा होऊन डोंगर धुंडाळत राहिला. वर्षांनंतर त्या झाडावर वीज पडली, खोड दुभंगलं आणि आत लग्नाच्या कपड्यांतला सांगाडा दिसला. त्या दरीत सध्या मेइनिरच्या नावाचा कॅफे आहे, आणि तिथे लग्नसमारंभ धूमधडाक्यात होतात. शापाचं कुणी फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

मग ओस पडलेलं गाव पुन्हा उभं कसं राहिलं?

सुरुवात शेजारच्या ह्लानाइलहायर्नमध्ये झाली. 1970 च्या सुमारास तिथे कार्ल क्लाउझ नावाचे तरुण डॉक्टर आले. गावची प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद करायचं घाटत होतं. शाळा गेली की तरुण कुटुंबं जाणार, कुटुंबं गेली की वेल्श भाषा जाणार, हे गावाला दिसत होतं. शाळेसाठी लढा झाला. पण नुसती शाळा राखून काय उपयोग, पोटापाण्याचं काय? म्हणून 1974 मध्ये गावकऱ्यांनी आंतिर आइलहायर्न ही संस्था काढली. ब्रिटनमधली गावाने गावासाठी चालवलेली ही पहिली सहकारी संस्था मानतात. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या सहकारी संस्था त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. विणकामाचा छोटा कारखाना हा त्यांचा एक उद्योग.

आपल्याकडे सहकार म्हटलं की साखर कारखाना, चेअरमन आणि लाल दिव्याची गाडी आठवते. इथला मामला अगदी चिल्लर. पाच-दहा लोकांना गावातच काम मिळालं तरी ती मोठी गोष्ट होती.

याच मंडळींची नजर मग दरीतल्या पडक्या घरांवर गेली. त्या सुमारास वेल्श भाषेला सरकारदरबारी जागा मिळायला लागली होती. त्यामुळे प्रौढ माणसांना ती शिकवणारी जागा हवी होती. डॉक्टर क्लाउझ यांच्या पुढाकाराने विश्वस्त मंडळ झालं, वेल्सभर वर्गणी गोळा झाली आणि 1978 मध्ये 25,000 पौंडांना खाणकंपनीकडून पूर्ण गाव विकत घेतलं. छपरं नव्हती, वीज नव्हती, धड रस्ता नव्हता. 1982 मध्ये पहिले वर्ग भरले. आज ते राष्ट्रीय वेल्श भाषा केंद्र आहे. डॉक्टर क्लाउझ 2021 मध्ये वारले. आफ्रिकेतल्या लेसोथो देशाशी वेल्सचं मैत्रीनातं जुळवणारी संस्था काढणारेही तेच.

पब गावाच्या मालकीचा म्हणजे नक्की कसा?

त्याचं नाव तावर्न अ विक. पूर्वीचं व्हिक्टोरिया हॉटेल, लोकांच्या तोंडी नुसतं ‘अ विक’. खाणी गेल्या, गिऱ्हाईक घटलं, आणि अखेर हॉटेल बंद झालं. कुणीतरी येऊन सुट्टीचं घर करणार हे उघड होतं. गावकऱ्यांनी सहकारी संस्था स्थापून 1988 मध्ये ते हातात घेतलं. ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या गावमालकीच्या पबांत त्याची गणना होते.

सहकारात मत भांडवलाला नसतं, माणसाला असतं. ज्याचे भाग जास्त त्याचा शब्द मोठा, असं चालत नाही. नफ्यातून कुणाची माडी बांधली जात नाही. त्यामुळे वेल्श बँडचा कार्यक्रम, एखादी कविसंमेलनासारखी संध्याकाळ, डार्ट्स, प्रश्नमंजूषा, बैठका, सगळं तिथेच भरतं. मला तर वाटतं की त्याला पब म्हणणं हीच फसवणूक आहे. गावाची चावडी ती, फक्त बिअर मिळते.

हे लोण पुढे आसपास पसरलं. ह्लानिस्तिमद्वीचा तावर्न अ प्लू, ह्लान्द्‌व्रोगचा टिन ह्लान, नेविनचा तावर्न अर हेलिउर हे तिन्ही अलीकडच्या काळात लोकांनी भाग घेऊन विकत घेतले.

गावात दुकान आहे का?

आहे, आणि तेही गावाचंच. शॉप पेन-अ-ग्रोइस. स्वयंसेवक आळीपाळीने गल्ल्यावर बसतात. दूध, ब्रेड, वर्तमानपत्र, आणि कोण आजारी आहे याची बातमी. जाल तेव्हा चार वस्तू तिथूनच घ्या, पुलहेलीच्या सुपरमार्केटमधून पिशव्या भरून नेऊ नका.

आता सगळे धार्मिक आहेत का?

नाहीत. एकोणिसाव्या शतकात मात्र चॅपल म्हणजे सर्वस्व होतं. जमीनदार सरकारी अँग्लिकन चर्चचा, शेतकरी आणि खाणवाला मेथडिस्ट, इंडिपेंडंट किंवा बॅप्टिस्ट चॅपलचा. रविवारच्या शाळेत म्हातारीकोतारी माणसंही वाचायला शिकली. चार आवाजांत गाणं, वक्तृत्व, काव्यस्पर्धा यांची तालीम तिथेच झाली. आयस्टेद्वोदची, म्हणजे काव्य-गायन स्पर्धांच्या उत्सवाची, परंपरा जिवंत राहण्यात चॅपलांचा मोठा वाटा. 2023 चा राष्ट्रीय आयस्टेद्वोद इथून जवळच बोदुआनला भरला होता. आता बहुतेक चॅपलांना कुलूप आहे किंवा त्यांची घरं झाली आहेत. गाणं राहिलं.

रस्त्यावर इंग्रजी चालतं का, की वेल्शच बोलावं लागतं?

इंग्रजी सगळ्यांना येतं आणि तुमच्याशी ते आनंदाने बोलतील. पण आपसांत वेल्शच. 2021 च्या जनगणनेत संपूर्ण वेल्समध्ये वेल्श बोलता येणारे 17.8 टक्के होते, ग्विनेदमध्ये 64.4 टक्के. दुकानात शिरल्यावर ‘बोरे दा’ (सुप्रभात) आणि निघताना ‘दिओल्ख’ (आभार) एवढं म्हणा. उच्चार चुकला तरी चालतो. तुमच्या समोर त्यांनी वेल्श चालू ठेवली तर ती तुमच्याविरुद्धची कुजबुज नाही. ही तक्रार इंग्लंडहून आलेले पाहुणे इतक्या वेळा करतात की त्यावर आता विनोद होतात.

इंग्लिश लोकांबद्दल राग आहे का?

माणसांबद्दल नाही, काही घटनांबद्दल आहे. 1936 मध्ये पुलहेलीजवळ पेनअबेर्थला ब्रिटिश हवाई दलाने बॉम्बफेक शिकवण्याचं केंद्र बांधायला घेतलं. विरोधाच्या सह्या, ठराव, काही उपयोग झाला नाही. तेव्हा 8 सप्टेंबरच्या पहाटे साँडर्स ल्युइस, ल्युइस व्हॅलंटाइन आणि डी. जे. विल्यम्स या तिघांनी त्याला आग लावली आणि स्वतः चालत पोलीस ठाण्यात हजर झाले. एक प्राध्यापक, एक धर्मोपदेशक, एक शाळामास्तर! कायर्नार्वनच्या ज्यूरीचं एकमत होईना, म्हणून खटला लंडनला हलवला आणि तिथे नऊ महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटला हलवण्याचा सल अजून आहे.

1979 पासून दशकभराहून अधिक काळ सुट्टीच्या घरांना आगी लावण्याचं सत्रही चाललं. त्याची सुरुवात होणाऱ्या ठिकाणांत नेविन होतं. या आगींना गावांत सरसकट पाठिंबा होता असं समजू नका. पण घरं परवडत नाहीत ही चीड मात्र सगळ्यांची होती.

घरांचा तो प्रश्न अजून आहे का?

आहे, आणि आज सगळ्यांत मोठा तोच. समुद्र दिसणारं दगडी घर लंडन-मँचेस्टरच्या पगारात स्वस्त, इथल्या पगारात अशक्य. हिवाळ्यात कित्येक खिडक्या अंधाऱ्या असतात. ग्विनेद कौन्सिलने एप्रिल 2023 पासून दुसऱ्या घरावरच्या करात 150 टक्के जादा भार लावला. 1 सप्टेंबर 2024 पासून राहतं घर सुट्टीचं घर करायला परवानगी घेण्याची अट घातली. त्या अटीला न्यायालयात आव्हानही मिळालं. यात दुसरी बाजूही आहे: पर्यटनावर पोट असलेली कुटुंबंही गावातलीच आहेत. तरी 1812 मध्ये जो प्रश्न होता, जमीन कुणाची, राहणाऱ्याची की विकत घेऊ शकणाऱ्याची, तोच हा, असं मला वाटतं.

जायचं तर कसं आणि कधी?

मे-जून उत्तम. पुलहेलीपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस विरळ, म्हणून गाडी असेल तर बरं. ट्रेर केइरीची चढण अवघड नाही, पण पाय ठेवायला सुटे दगड फार. तटबंदीवर चढू नका, ती दोन हजार वर्षं टिकली ती कुणी चढत नव्हतं म्हणून. धुकं समुद्रातून पाच मिनिटांत वर येतं. ते नसेल तर एका बाजूला स्नोडोनियाची शिखरं, दुसरीकडे अँगलसी बेट, आणि नशीब जोरावर असेल तर समुद्रापलीकडे आयर्लंडचे डोंगर. रानटी शेळ्या आणि लाल चोचीचे चॉफ कावळे दिसण्याची शक्यता चांगली. नांट गुर्थेर्नला उतरणारा रस्ता आता पक्का आहे, तरी तीव्र उताराची सवय नसेल तर वरच्या वाहनतळावर गाडी लावून चालत उतरा. चढून यायला किती दम लागेल याचा अंदाज खाली चहा पितानाच घ्या.

रविवारी पब उघडा असतो का?

कायद्याची आडकाठी आता नाही. पण 1881 च्या कायद्याने वेल्समधले पब रविवारी बंद ठेवले होते. 1961 पासून दर सात वर्षांनी जिल्हावार मतदान होऊ लागलं आणि एकेक जिल्हा खुला होत गेला. सर्वांत शेवटपर्यंत अडून बसला तो द्वीवोर, म्हणजे ह्लिथ्वाइनचाच जिल्हा. 1989 मध्येही तिथल्या लोकांनी ‘बंदच ठेवा’ असा कौल दिला, म्हणजे गावाने स्वतःचा पब विकत घेतल्यानंतर एकाच वर्षाने. 1996 च्या मतदानात तो बदलला. वेळा मात्र हंगामाप्रमाणे बदलतात, निघण्याआधी फोन करून विचारा.